काचेवरची सही

ओल्या कोलोडियनची काच वाळायच्या आत वापरावी लागते. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कोलोडियन ओतून ते चारी कोपऱ्यांपर्यंत सारखं पसरू द्यायचं, अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, तशीच ओली कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच पुन्हा अंधारात नेऊन डेव्हलप करायची. थंड हवेत या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, अरबस्तानच्या उन्हात त्याहून कितीतरी कमी. म्हणजे फोटोग्राफर जाईल तिथे काळा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि धुवायला पाणी, हे सगळं त्याच्या मागोमाग जायला हवं. १८६१ साली महंमद सादिक नावाचा इजिप्तचा लष्करी अधिकारी एवढा पसारा घेऊन मदिनेला पोचला आणि त्याने त्या शहराचे पहिले फोटो काढले.

सादिक पॅरिसमध्ये शिकलेला इंजिनियर होता. इजिप्तचा सुभेदार सईद पाशा याच्या काळात त्याला तांबड्या समुद्रावरच्या अल-वज्ह बंदरापासून मदिनेपर्यंतची वाट पाहून तिची मोजणी करायला पाठवलं होतं. अंतरं, विहिरी, मुक्काम, चढउतार हे त्याचं सरकारी काम. कॅमेरा त्याने त्या कामाला जोडून घेतला. पैगंबरांच्या मशिदीचं तुर्की सुलतान अब्दुलमजीदने काढलेलं नूतनीकरण तेव्हा संपत आलं होतं. हिरवा घुमट, मिनार, शहराभोवतीचा तट आणि जन्नत-उल-बकी या कबरस्तानातले घुमट त्याने काचेवर घेतले. आपल्याआधी हे कुणी केलेलं नाही याची त्याला पूर्ण जाणीव होती आणि पुढे त्याने ते अभिमानाने लिहूनही ठेवलं.

या जुन्या फोटोंमधलं मदिना शहर बरंच ओसाड वाटतं. काही पुस्तकांत त्यावरून 'निर्जन गल्ल्या' वगैरे वर्णनं केलेली मी वाचली आहेत. ती चुकीची आहेत. लेन्स काही सेकंद उघडी राहिली की भिंत, मिनार, सावलीत बसलेला माणूस काचेवर उमटतो. चालणारा माणूस उमटतच नाही, किंवा फारतर धुरकट पट्ट्यासारखा दिसतो. गल्लीत माणसं होती. फक्त ती थांबली नाहीत.

मी मुंबईत जुने फोटो दुरुस्त करतो. उमेदवारी पायधुणीजवळच्या एका स्टुडिओत केली. तिथे माझं काम निगेटिव्ह रिटचिंगचं, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने ठिपके देत चेहऱ्यावरचे डाग बुजवायचं. त्यामुळे कुठलाही जुना प्रिंट हातात आला की माझी नजर आधी कडांकडे जाते. नंबर, तारीख, स्टुडिओचं नाव, फोटोग्राफरची सही ही सगळी कडेला असतात. मक्का-मदिनेचे फोटो मी पहिल्यांदा बारकाईने पाहिले ते असेच, कडांपासून आत येत. आणि या फोटोंचा खरा इतिहास मला तिथेच सापडला.

सादिकने मदिनेनंतर जवळजवळ वीस वर्षांनी मक्केचे फोटो घेतले. १८८० मध्ये तो इजिप्तच्या महमिलबरोबर खजिनदार म्हणून गेला होता. महमिल म्हणजे उंटावरची रिकामी, भरजरी पालखी. तिच्यात कुणी बसत नसे. कैरोच्या राज्यकर्त्याची सत्ता आणि श्रद्धा दोन्ही तिच्यातून मिरवत मक्केपर्यंत जात. त्याच काफिल्याबरोबर काब्याचा नवा गिलाफ जाई आणि हिजाझमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या मुलखात, वाटायची रक्कमही. ती रक्कम सादिकच्या ताब्यात. एवढ्या जबाबदारीच्या कामात त्याने काचा ओल्या करून मस्जिद-ए-हरामचे फोटो घेतले, मिनाच्या खोऱ्यातले तंबू घेतले, आणि काब्याच्या किल्ल्या ज्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्या शैबी घराण्यातल्या वडीलधाऱ्या शेखांनाही समोर बसवलं. एका काचेत न मावणारा देखावा त्याने अनेक काचांवर तुकड्यातुकड्याने घेऊन प्रिंट शेजारी शेजारी चिकटवले. तुकडे जोडताना क्षितिजाची रेघ जुळवणं किती किचकट असतं हे मला ठाऊक आहे. त्याची रेघ जुळते. मोजणीदाराचा हात आहे तो.

१८८१ मध्ये व्हेनिसला भूगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे या फोटोंना पदक मिळालं. त्याच्या प्रिंटांवर त्याची अरबीतली सही आहे.

सहीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट तिच्यावर उभी आहे. निगेटिव्हच्या लेप असलेल्या बाजूवर काही लिहायचं तर ते आरशात दिसावं तसं उलटं लिहावं लागतं, तेव्हा ते प्रिंटवर सुलटं येतं. शाईने लिहिलं तर प्रिंटवर अक्षरं पांढरी दिसतात, सुईने खरवडलं तर काळी. अरबी मुळात उजवीकडून डावीकडे, काचेवर ती डावीकडून उजवीकडे लिहायची. हे कुणी सहज जाता जाता करत नाही. सही करणाऱ्याने ठरवून, वेळ काढून, हात स्थिर ठेवून केलेली ती गोष्ट असते. आणि ती काढून टाकायची झाली तर आमच्या धंद्यात ते काही मिनिटांचं काम आहे.

१८८४ च्या ऑगस्टमध्ये ख्रिस्तियान स्नूक हुर्खरोन्ये नावाचा डच विद्वान जेद्द्याला उतरला. हज यात्रेच्या उगमावर त्याने १८८० मध्ये प्रबंध लिहिला होता. डच सरकारला या विषयात रस असायचं कारण उघड आहे. जावा-सुमात्राहून, म्हणजे डचांच्या ताब्यातल्या बेटांवरून, दर वर्षी हजारो लोक हजला जात आणि परतताना कोणते विचार घेऊन येतात याची बटावियातल्या साहेबांना धास्ती असे. सुमात्राच्या टोकाशी असलेल्या आचेहशी तर डचांचं १८७३ पासून युद्धच चालू होतं. स्नूकने जेद्द्यातल्या डच वकिलातीत त्या बेटांवरच्या यात्रेकरूंचे गट उभे करून फोटो घेतले. त्यांत आचेहची माणसंही आहेत. ताठ उभी, नजर थेट लेन्समध्ये. ती तसबीर भक्तीची नाही, मोजदादीची आहे, आणि समोरच्या माणसांना ते कळलेलं आहे असं मला त्यांच्या डोळ्यांत दिसतं.

स्नूकने इस्लाम स्वीकारला, अब्दुल गफार हे नाव घेतलं आणि १८८५ च्या फेब्रुवारीत तो मक्केत गेला. तिथे त्याची गाठ एका वैद्याशी पडली. त्या वैद्याचं नावही सय्यद अब्दुल गफार. हा मक्केतला नामांकित माणूस होता. औषधपाण्याबरोबर घड्याळं दुरुस्त करणं, सोन्याचांदीचा मुलामा देणं असल्या कलाकुसरीतही त्याचा हात चाले. रसायनांची भीती नाही, बारीक यंत्राची ओळख आहे, नवं शिकायची हौस आहे, अशा माणसाला फोटोग्राफी किती दिवसांत येईल? लवकरच येईल. स्नूकने आपला कॅमेरा त्याच्या घरी लावला आणि दोघं मिळून काम करू लागले.

ऑगस्टमध्ये स्नूकला मक्का सोडावी लागली. तायमा इथल्या एका प्राचीन शिलालेखावरून फ्रेंच मंडळींशी त्याचं नाव गुंतलं, ते पॅरिसच्या वर्तमानपत्रात छापून आलं आणि तुर्की अधिकाऱ्यांनी त्याला घालवून दिलं. त्या वर्षीची हज सप्टेंबरमध्ये होती. म्हणजे मक्केवर ज्याचा ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला त्या माणसाने मक्केतला हजचा सोहळा डोळ्यांनी पाहिलाच नाही. तो निघून गेला, कॅमेरा वैद्याकडे राहिला. पुढची काही वर्षं वैद्य फोटो काढत राहिला आणि प्रिंट जेद्द्यातल्या डच ओळखींमार्फत हॉलंडला पाठवत राहिला. अराफातच्या मैदानातली गर्दी, मिनातले तंबू, काब्याभोवती नमाजाला उभे असलेले लोक. आपल्या काचांवर त्याने सुबक अरबीत लिहिलं होतं की हे सय्यद अब्दुल गफार, मक्केचे वैद्य, यांचं काम आहे.

स्नूकचा मक्केवरचा ग्रंथ १८८८-८९ मध्ये दोन खंडांत निघाला. त्याबरोबर १८८८ मध्ये चित्रांचा मोठा संच आणि १८८९ मध्ये दुसरा. दुसऱ्या संचातले फोटो वैद्याचे. छापताना त्यांच्यावरची अरबी सही काढून टाकली. प्रस्तावनेत आपण शिकवलेल्या एका मक्की वैद्याचा उल्लेख आहे, नाव नाही. वर दोघांचं नाव एकच असल्यामुळे नंतरच्या वाचकांना वाटलं, अब्दुल गफार म्हणजे स्नूकच. शंभर वर्षं हे फोटो स्नूकच्या नावावर फिरले.

त्या ग्रंथातली माहितीदेखील एकट्या स्नूकने गोळा केलेली नव्हती. जावातल्या बांतेनच्या खानदानी घरातला, जेद्द्याच्या डच वकिलातीत काम करणारा अबू बकर जयादिनिंग्रात याने त्याला मक्केतल्या जावी, म्हणजे त्या बेटांवरून आलेल्या, विद्वानांची चरित्रं लिहून पुरवली होती. त्याचंही नाव मागेच राहिलं. स्नूक स्वतः पुढे जावाला गेला आणि आचेहच्या युद्धात डच सरकारचा सल्लागार झाला.

मला या प्रकरणाचा राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही. स्नूक विद्वान होता, त्याचं पुस्तक आजही वाचण्यासारखं आहे. पण सही पुसणारा हात मी ओळखतो. डाग बुजवायला शिकवलेली पेन्सिल नाव बुजवायलाही चालते, आणि ती चालवणाऱ्याला आपण काय करतोय हे नेमकं माहीत असतं.

वैद्याच्या सगळ्या फोटोंमध्ये काब्याभोवतीच्या नमाजाचा फोटो सर्वांत प्रसिद्ध. उंचावरून घेतलेला. काबा मधोमध, त्याच्याभोवती माणसांच्या ओळींवर ओळी. सुमारे १८८७ चा. त्याची एक खुबी कारागीरच सांगू शकेल. तवाफ, म्हणजे काब्याभोवतीच्या फेऱ्या, चालू असताना तिथे फिरणारी माणसं काचेवर धुकं होऊन येणार. नमाजात मात्र सगळे एकदम उभे राहतात, एकदम वाकतात, आणि प्रत्येक स्थितीत क्षणभर स्थिर होतात. हजारो माणसं आपण होऊन निश्चल होण्याची ती वेळ. नमाजाची लय अंगात भिनलेला फोटोग्राफरच लेन्सवरचं झाकण कधी काढायचं हे इतकं अचूक ओळखेल. परका माणूस या फोटोचा धनी असू शकत नाही असं मला तो पाहताक्षणी वाटलं होतं.

नंतर कॅमेरे वाढले. कोरड्या काचांमुळे तंबूतली अंधारखोली गेली होती. इजिप्तचा इब्राहिम रिफअत पाशा १९०१ मध्ये महमिलच्या रक्षकदलाचा प्रमुख म्हणून आणि पुढे तीनदा हज काफिल्याचा मुख्य म्हणून गेला. त्याचं फोटोंनी भरलेलं 'मिरआत अल-हरमैन' १९२५ मध्ये आलं. त्याच्याच काळात महंमद अली सऊदी हा कैरोचा सरकारी नोकर कॅमेरे घेऊन दोनदा गेला आणि रोजनिशी ठेवत गेला. सुलतान अब्दुल हमीदच्या माणसांनी दमास्कसपासून मदिनेपर्यंतची हिजाझ रेल्वे बांधताना तिचेही फोटो घेतले. १९०८ मध्ये गाडी मदिनेला पोचली.

आपल्याकडे, म्हणजे हिंदुस्थानातल्या घराघरांत, मक्का-मदिना पोचली ती चांदनी चौकातून. एच. ए. मिर्झा अँड सन्स या दिल्लीच्या फोटोग्राफरांनी १९०७ च्या सुमारास हजचे फोटो घेतले आणि त्यांचे प्रिंट विकले. मक्केचा लांबलचक देखावा, मिना, अराफात, मदिनेची मशीद. सादिकचे फोटो भूगोलाच्या परिषदेत गेले, वैद्याचे हॉलंडमधल्या लायडनला गेले, मिर्झांचे मात्र गिऱ्हाइकाच्या भिंतीवर गेले. खालच्या पट्टीत दुकानाचं नाव आणि 'दिल्ली' ठळक. ते कुणी पुसलं नाही, कारण ते विकणाऱ्याचंच होतं.

हजला जाणारा हिंदुस्थानी माणूस त्या काळात बहुतेक मुंबईहून निघे. पूर्वी सुरतेची असलेली ही वर्दळ मुंबईच्या धक्क्यावर आली होती, आणि सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, आगबोटी वाढल्या, तशी ती आणखी वाढली. १८६५ च्या हजमध्ये पटकीने हजारो यात्रेकरू दगावले होते. रोग तिथून इजिप्त आणि युरोपपर्यंत गेला, आणि तेव्हापासून हाजींकडे साऱ्या सरकारांची संशयाची नजर वळली. पुढे तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइन आलं. मुंबईत १८८६ मध्ये सरकारने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे दिली. ती काही वर्षं चालली आणि १८९३ मध्ये संपली. गरीब यात्रेकरू डेकवर जात. स्वयंपाक आपला आपण, अंथरूण आपलं, आणि सामानात कफनाचं कापडही. गावाकडून आलेले लोक बोटीची वाट पाहत मुसाफिरखान्यात राहत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना अजून उभा आहे. नंतरच्या काळात मोगल लाइनच्या बोटी या वाहतुकीत प्रमुख होत्या आणि त्यांवर रत्नागिरी-रायगडकडचे किती खलाशी, किती सारंग होते हे कोकणातल्या कुठल्याही मोहल्ल्यात विचारावं. मुंबईहून बोटीने हजला जाणं १९९५ मध्ये बंद झालं.

त्या बोटींच्या काळातले फोटो माझ्याकडे दुरुस्तीला येतात. श्रीवर्धन, म्हसळा, दाभोळ, बाणकोटची घरं. निघण्याआधी स्टुडिओत काढलेली कुटुंबाची तसबीर बहुधा असते. मधे खुर्चीवर आजी, बाजूला मुलगे, मागे पडद्यावर रंगवलेली बाग. परत येण्याची खात्री नसायची म्हणून हा फोटो काढायचा. अशा फोटोच्या मागे नावं कधी मोडीत, कधी उर्दूत, कधी देवनागरीत असतात. ओलावा धरलेली असली तरी ती वाचून काढायची मी शिकस्त करतो. चेहरा दुरुस्त होतो, गेलेलं नाव पुन्हा आणता येत नाही.

आता या जुन्या फोटोंमध्ये जे दिसतं त्यातलं बरंचसं उभं नाही. सादिकने आणि रिफअत पाशाने टिपलेले जन्नत-उल-बकीचे घुमट १९२५-२६ च्या सुमारास सौदी सत्ता आल्यावर पाडले गेले. कबरींवर बांधकाम करणं त्या राज्यकर्त्यांच्या मते धर्माविरुद्ध होतं. वैद्याच्या फोटोत काब्याच्या अंगणात चार सुन्नी पंथांच्या इमामांसाठीचे वेगवेगळे मंडप दिसतात. एकेकाळी तिथे पंथापंथांच्या वेगळ्या जमाती उभ्या राहत. आता इमाम एक आहे आणि मंडप गेले. झमझमच्या विहिरीवरची इमारत गेली. मदिनेचा तट गेला. मक्केत मस्जिद-ए-हरामच्या दक्षिणेला टेकडीवर अठराव्या शतकातला तुर्की अज्याद किल्ला होता. मक्केच्या जुन्या देखाव्यांमध्ये तो हमखास दिसतो. २००२ मध्ये किल्ला पाडला, टेकडीही कापली. तुर्कस्तानने निषेध केला. त्या जागी आज ६०१ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा आहे.

लाखो माणसांना एका वेळी तवाफ करता यावा तर जागा हवी, हे मला मान्य आहे. हाजींची संख्या ज्या पटीत वाढली त्या पटीत जुनं अंगण पुरलं नसतं. पण टेकडीवरचा किल्ला तवाफच्या वाटेत नव्हता. तो गेला आणि त्याचा आकार, त्याचे बुरूज, उतारावरची घरं, त्या घरांच्या लाकडी जाळीच्या खिडक्या, हे सगळं आता या काचांवरच शिल्लक आहे. कुणाला जुनी मक्का मोजायची असेल तर सादिकच्या जोडलेल्या देखाव्यापासून सुरुवात करावी लागेल. मोजणीदाराने घेतलेला असल्यामुळे त्यातली अंतरं विश्वासाची आहेत.

वैद्याचं नाव आता परत मिळालं आहे. लायडनच्या ग्रंथालयात आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात या फोटोंखाली सय्यद अब्दुल गफार हे नाव लागतं. अभ्यासकांनी मूळ प्रिंटांवरची अरबी ओळ वाचून ते सिद्ध केलं. बाजारातल्या कॅलेंडरांवर, पोस्टरांवर, हॉटेलांच्या भिंतींवर मात्र तो नमाजाचा फोटो अजून बिननावाचाच असतो. कधी 'शंभर वर्षांपूर्वीची मक्का' एवढंच, कधी तेही नाही.

माझ्याकडे तो फोटो मोठा करून मागायला लोक येतात. बहुतेकांना दिवाणखान्यात लावायचा असतो. खालच्या समासात मी नाव आणि साल टाकून देतो, मागितलं नसलं तरी. मागच्या वर्षी म्हसळ्याचे एक चाचा प्रिंट न्यायला आले. चष्मा लावून समास वाचला आणि विचारलं, "हे अब्दुल गफार कोण? आमच्याकडे याच नावाचे एक सारंग होते." मी सांगितलं ते कोण होते. मक्केतले वैद्य, घड्याळं दुरुस्त करायचे, कॅमेरा कसा मिळाला, सही कुणी काढली. चाचा स्टुलावर बसले, सगळं ऐकून घेतलं आणि प्रिंट परत माझ्या हातात देऊन म्हणाले, "मग इतकं बारीक कशाला लिहिलंत? जरा मोठं लिहा. आणि खाली उर्दूतही." त्या दिवसापासून समासाची पट्टी मी दुप्पट रुंद सोडतो.